अडतीस मिलिसेकंदांचा उशीर

"मामा, परत मागे पडलात," मी हेडफोनचा एक कान वर करून म्हणालो.

सोपानमामांनी पखवाजाचं डावं तोंड चाचपलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा लावलेला असतो, त्याशिवाय त्याला घुमारा येत नाही. ती कणीक सुकत आली होती. मामांनी ती ओल्या बोटांनी सारखी केली आणि म्हणाले, "पुन्यांदा लावा." चार वेळा वाजवून झालं होतं.

गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून निघोज्यातल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, भजनी मंडळाची सहा-सात माणसं जमली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. पंखा बंद होता. म्हैस पार मागच्या बांधाला नेऊन बांधली होती. घामाच्या धारा पुसत सगळे माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते, कारण तिथं जे दिसेल ते खरं, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यात मीही आलो.

आता मी कोण ते सांगतो. चाकणजवळच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, सगळी स्टँडर्ड रूममध्ये. स्टँडर्ड रूम म्हणजे कंपनीतली ती एसी खोली, जिथं मोजायची साधनंच मोजली जातात. शॉपवरचे, म्हणजे जिथं माल बनतो तिथले, गेज ठरावीक दिवसांनी माझ्याकडे यायचे. मी ते मास्टरला, म्हणजे अगदी बिनचूक मापाच्या तुकड्याला, लावून बघायचो. बरोबर असले तर त्यावर एक छोटं स्टिकर चिकटवायचो. तारीख आणि माझी सही. शॉपवर मला 'मायक्रॉन' म्हणायचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि मी एका मायक्रॉनवरून मॅनेजरशी भांडलेलो आहे. नोकरी सोडल्यावर गाण्याच्या जुन्या हौसेपायी मी लोकांच्या घरी रेकॉर्डिंगची यंत्रणा बसवून द्यायला लागलो. बायको म्हणते, पूर्वी लोखंडाची भोकं मोजायचात, आता सूर मोजता.

सोपानमामा त्याच कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. वीस वर्षं आम्ही एका छताखाली होतो. त्यांचं काम सांगायला सोपं, करायला कठीण. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर पीस पास. नाहीतर लाल पेटीत. पाळी संपताना माल कमी पडतोय म्हणून सुपरवायझर गयावया करायचे, पण मामांनी लाल पेटीतला पीस कधी परत उचलला नाही. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. पखवाज मात्र पोरवयापासून. वडिलांनी शिकवलेले काही ठेके त्यांच्या हातात होते, ते पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

त्याचसाठी हा सगळा खटाटोप होता. मामांचा भाचा संदीप एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे आणि मंडळाचं सगळं तोच बघतो. त्याचा फोन आला. म्हणाला, आठ अभंगांचं रेकॉर्डिंग चाललंय. गाणं आणि पेटी चिंचवडच्या एका स्टुडिओत झाली, पखवाज राहिलाय. मामा काचेच्या खोलीत बसायला तयार नाहीत, तिथं जीव घुसमटतो म्हणतात. तर घरीच करू. मशीन तुम्ही निवडा, मंडळाला पुढंही उपयोगी पडेल असं. मामांचे ठेके एकदा नीट उतरले पाहिजेत, मग पुढं काहीही होवो. "आणि मामा म्हणाले," संदीपने शेवटी सांगितलं, "साहेब येणार असले तर वाजवतो."

मी फुशारलो. खोटं कशाला बोलू.

लागणारी मुख्य वस्तू म्हणजे ऑडिओ इंटरफेस. हा एक डबा असतो. माइकमधून आलेला आवाज तो आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला देतो, आणि कॉम्प्युटरमधले आकडे परत आवाज करून हेडफोनला देतो. या जाण्यायेण्यात वेळ जातो. त्या उशिराला लेटन्सी म्हणतात. चाकण चौकातला सहा सीटरवाला कसा, गाडी भरल्याशिवाय हलत नाही. तसा कॉम्प्युटरही आवाजाचे आकडे साठवतो आणि ठरलेला ढीग जमला की पुढे ढकलतो. त्या ढिगाला बफर म्हणतात. बफर लहान ठेवला तर उशीर कमी, पण फेऱ्या वाढतात, आणि कॉम्प्युटर दमला की आवाजात चरचर येते. मोठा ठेवला तर चरचर नाही, पण उशीर वाढतो. वाजवणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचीच थाप उशिरा ऐकू येते. पंधरावीस मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की जाणकार हाताला ते खुपायला लागतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. म्हणजे माझ्याच पेठेतला माल.

पुण्यातल्या दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले. एक साधा, काळा, दिसायला रेडिओच्या खोक्यासारखा. त्याला एक बटण होतं, ते फिरवलं की वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरच्या फेऱ्यात न जाता थेट कानात मिळायचा. दुसरा चकचकीत. त्यात ते बटण नव्हतं, पण स्पेसिफिकेशन शीट बघून मी हरखलो. आवाजाचे बारीक तुकडे करण्यात सरस, खरखर पहिल्याच्या निम्मी. दुकानदार म्हणाला, "साहेब, काळा घ्या. याचा ड्रायव्हर चांगला आहे." ड्रायव्हर म्हणजे डबा आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा, एक प्रोग्राम असतो. मी त्याला विचारलं, चांगला म्हणजे किती? आकडा सांगा. तो हसला. म्हणाला, आकडा नाही, वाजवणारे लोक परत तक्रार घेऊन येत नाहीत. मला हे उत्तर पटलं नाही. आकड्याशिवाय बोलणाऱ्या माणसाचं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मी चकचकीत डबा घेतला.

संदीपचा कॉम्प्युटर जुना होता. बफर लहान केला की चरचरायचा, म्हणून थोडा मोठा ठेवला. तरी पडद्यावर आकडा आला: जाण्यायेण्याचा एकूण उशीर बारा मिलिसेकंद. बारा म्हणजे उत्तम. मी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि कामाला लागलो.

आता परत त्या गुरुवारी येऊ. पहिल्याच वेळी मामा मध्येच थांबले होते. म्हणाले, "माझ्या मागं दुसरं कुनीतरी वाजवतंय असं वाटतंय." मी मनात म्हटलं, झालं. यांच्या इन्स्पेक्शनच्या टेबलापासून प्रेस शॉप वीस पावलांवर होतं. त्या धडाधडीत कान गेले असणार. तसं बोललो नाही, हेडफोनचा आवाज वाढवून दिला. त्याने आणखी बिघडलं. मामा लय धरायचे, चार आवर्तनांत जड व्हायचे, ओढल्यासारखे मागे यायचे.

चौथ्यानंतर ते म्हणाले, "माझा आवाजच बंद करा. नुसतं गानं द्या कानात."

तसं केलं. पाचव्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि अख्खा अभंग एका दमात वाजवला. काय वाजवला! मंडळातले दोघंतिघं नकळत मांडीवर ठेका धरून बसले. मामांनी डोळे उघडले, त्या दिवसात पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "ह्यो बसला."

मी रेकॉर्डिंग लावलं. बसला नव्हता. गाणं पुढे आणि पखवाज प्रत्येक ठिकाणी किंचित मागे, चपलेची टाच उचलायला उशीर व्हावा तसा. मांडीवरचे ठेके थांबले. 

मग मी जे केलं ते आजही आठवलं की मला लाज वाटते. मी पडदा मोठा केला. गाण्याबरोबर स्टुडिओने मात्रांच्या उभ्या रेषा दिल्या होत्या. प्रत्येक रेषेच्या उजवीकडे, म्हणजे उशिरा, मामांची थाप उमटलेली होती. मी मोजलं. समेवर अडतीस मिलिसेकंद. पुढच्या समेवर अडतीस. मधल्या मात्रेवर सदतीस, मग परत अडतीस. मी चष्मा सारखा केला आणि सगळ्यांदेखत बोललो, "हे बघा मामा. तुम्ही सगळीकडे अडतीस मिलिसेकंद मागे आहात."

मामा उठून पडद्याजवळ आले. गेजकडे बघायचे तसे वाकून बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "समदीकडं सारखंच?"

"सगळीकडे," मी म्हणालो. जणू माझंच कौतुक होतं त्यात.

"मला तर बरुबर वाटलं व्हतं," एवढंच ते बोलले.

मी म्हणालो, काळजी करू नका, सगळं रेकॉर्डिंग अडतीस मिलिसेकंद पुढे सरकवता येतं, एका क्लिकचं काम आहे, कुणाला कळणारही नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं ती नजर मी शॉपवर अनेकदा बघितली होती, गयावया करणाऱ्या सुपरवायझरकडे ते बघायचे तेव्हा. "पीस घासून बसवायचा व्हय? न्हाई साहेब. रिजेक्ट म्हंजे रिजेक्ट." आणि ते नळावर हाताची कणीक धुवायला गेले.

संदीप मला अंगणात घेऊन गेला. विचारलं, साहेब, आणखी एकदोन गुरुवार बसलो तर होईल का? मी म्हणालो, वय झालंय रे, हात जड होतो, कान प्रेसच्या आवाजात गेले असतील, यात कुणाचा दोष नाही. तू दुसरा वादक बघ. नळ तिथून दहा पावलांवर होता. मामांनी ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या एकादशीला काय झालं ते संदीपने फोनवर सांगितलं. त्यांच्या मंडळाची रीत अशी, की पखवाज मंडळाचा असतो आणि वाजवणारा तो आपल्या हाताने पुढच्याला देतो. देवासमोर, सगळ्यांसमक्ष, वर नारळ ठेवून. मामांनी तो आळंदीला शिकून आलेल्या एका तरुण वादकाला दिला. लोक म्हणाले, अजून वाजवा की. मामा म्हणाले, मोजून बघितलंय. त्या नव्या वादकाने चिंचवडच्या स्टुडिओत आठही अभंग वाजवले. चांगले वाजवले. पण मामांचे ठेके त्यात नव्हते.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यातही एक समाधान होतं, की मी खरं ते सांगितलं.

आठ महिने गेले. निगडीला गिटार शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी तोच चकचकीत डबा बसवून दिला होता. त्यांचा फोन आला तो सरळ तोफेसारखा. म्हणाल्या, रेकॉर्डिंगमध्ये मी उशिरा येतेय असं दिसतंय. मी नेहमीच्या सवयीने सुरुवात केली, की कधीकधी आपल्याला वाटतं आपण वेळेवर आहोत, पण प्रत्यक्षात...

"अहो, मी पंचवीस वर्षं वाजवतेय," त्यांनी मला तोडलं. "मी उशिरा येत नाही. तुमचं यंत्र तपासा."

गेलो. जरा घुश्शातच गेलो. तपासायची पद्धत सोपी असते. तिला लूपबॅक म्हणतात. दीड फुटाची एक वायर घ्यायची. डब्यातून आवाज जिथून बाहेर येतो, तिथून ती काढून त्याच डब्याच्या आत यायच्या भोकात घालायची. कॉम्प्युटरमधून एक टकटक सोडायची आणि तीच परत रेकॉर्ड करायची. मध्ये माणूस नाही, हात नाही, कान नाही. सगळं ठीक असेल तर परत आलेली टकटक मूळ टकटकीवर तंतोतंत बसली पाहिजे. कारण किती उशीर होणार ते ड्रायव्हर आधीच कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर तेवढं रेकॉर्डिंग पुढे ओढून घेतो.

बसली नाही. मोजलं. अडतीस. परत केलं. अडतीस. दहा वेळा केलं, दहाही वेळा अडतीस. खरा उशीर पन्नास होता. ड्रायव्हर बारा सांगत होता. बाराच पुढे ओढले जात होते, आणि उरलेले अडतीस वाजवणाऱ्याच्या माथी मारले जात होते.

बाईंनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या, काय हो, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, जरा बसतो.

मला डब्याचा राग आला नाही. यंत्रं खोटं सांगतात, म्हणून तर माझी नोकरी होती. गेजमध्ये जी चूक दर वेळी तेवढीच येते तिला झीरो एरर म्हणतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी शेकडो ट्रेनींना शिकवलंय: माणूस चुकला तर कधी जास्त, कधी कमी. दर वेळी तेवढंच चुकतंय ना, मग माणसाकडे बघू नका, गेजकडे बघा. मामांनी वाकून नेमकं तेच विचारलं होतं. समदीकडं सारखंच? त्या इन्स्पेक्टरला वास आला होता. आणि मी चष्मा सारखा करून हो म्हणालो होतो. पहिल्यांदा ते म्हणाले होते, मागं कुणीतरी दुसरं वाजवतंय, तेही शब्दशः खरं होतं. हेडफोनमध्ये ते स्वतःच पन्नास मिलिसेकंद मागून वाजवत होते. कान माझे गेले होते.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. घरी येऊन पाचव्या वेळचा पखवाज अडतीस मिलिसेकंद पुढे सरकवला. प्रत्येक थाप रेषेवर. दोनेक मिलिसेकंदांची हालचाल, तीही जिथं गाणाऱ्याने ओळ ताणली तिथंच. माझ्या आयुष्यात मी इतका अचूक हात मोजलेला नाही. बायकोने विचारलं, रडताय की काय? मी नाही म्हणालो.

पुढच्या गुरुवारी निघोज्याला गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. संदीप घरी होता. मामा अंगणात लसूण सोलत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अंगणात संदीपला काय बोललो होतो तेही सांगितलं.

मामांनी हातातली पाकळी सोलून पुरी केली. मग विचारलं, "मास्टर लावला न्हवता?"

"नाही."

ते परत लसणाकडे वळले. मी मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्याजवळ ठेवलं. त्यांचा हात थांबला. दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. अभंग संपेपर्यंत ती चालत राहिली. संपल्यावर ते म्हणाले, "बसलाय."

संदीपला राहवलं नाही. म्हणाला, मामा, येत्या एकादशीला तुम्हीच बसा, मी बोलतो सगळ्यांशी. नव्या वादकालाही आनंदच होईल. बाकीचे सात अभंगही करू. मामा नाही म्हणाले. नारळ देऊन दिलेलं परत मागत नाहीत, आणि तो पोरगा काही चुकलेला नाही. बोटंही आता उठत नाहीत, आठ महिने झाले. मी म्हणालो, मामा, निदान मला शिव्या तरी द्या. ते हसले. माझ्यासाठी चहा ठेवायला आत हाक मारली.

निघताना ते फाटकापर्यंत आले. तिथं त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो.

"साहेब, वीस वर्सं तुमच्या सहीचा गेज वापरला. एकदाबी तपासून बगितला न्हाई. तुमची सही हाय म्हंजे बरुबरच. त्या दिवशी माझा हात मला सांगत हुता की बरुबर हाय. पर तुमी मोजलं व्हतं ना, मंग मी हाताचं ऐकलं न्हाई."

 मी गाडी काढली आणि देहूरोडपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, की घराचा रस्ता मागेच सुटला होता.

मामांचा तेवढा एक अभंग उरला. बाकी सात अभंगांतले ठेके त्यांच्या बोटांत आहेत आणि तिथंच राहतील. संदीपने तो एक मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर टाकला, आणि नवा वादक तो ऐकून शिकतो म्हणे. मंडळाचा चकचकीत डबा मी परत आणला आणि त्या जागी काळा, बटणवाला देऊन आलो. दुकानदाराची माफी मागितली, त्याला तर प्रसंगही आठवत नव्हता.

आता मी कुणाच्याही घरी यंत्रणा बसवली की आधी वायर काढतो. लूपबॅकला दहा मिनिटं लागतात. मग डब्यावर पूर्वीसारखंच स्टिकर लावतो: तारीख, खरा उशीर, सही. लोक विचारतात, हे कशाला? मी सांगतो, पीस लाल पेटीत टाकायच्या आधी गेज तपासावा. पीस लोखंडाचा असेल तर चूक कळल्यावर परत उचलता येतो. माणूस असेल तर तो आपल्या पायांनी पेटीत जाऊन बसतो, आणि मग तुम्ही कितीही बोलावलं तरी बाहेर येत नाही.